पिकअप सकाळी उशिरा स्टार्ट होते? आधी ऐका, मग मोजा, पार्ट शेवटी बदला

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा हंगाम आणि थंडीचा कडाका एकाच वेळी येतात. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर, क्रेट भरून तयार, आणि पिकअप मात्र घर्र… घर्र… करत बसते. चार वेळा चावी फिरवल्यावर एकदाची पेट घेते. मग जो तो सल्ला देतो, "बॅटरी गेली, नवी टाका." काही हजार मोजून नवी बॅटरी बसते, आठ-दहा दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. बॅटरी नवी असली तरी गंजलेली अर्थिंगची पट्टी जुनीच राहिलेली असते.

ही कृती डिझेल पिकअपसाठी आहे. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त किंवा त्यांच्यासारखी कोणतीही गाडी चालेल. पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी असेल तर पायरी १ ते ६ तशाच लागू होतात, पुढच्या सोडून द्या.

एवढं आधी लक्षात घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने हवा दाबायची, दाबाने ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो पेट घेतो. सेल्फने इंजिन हळू फिरवलं तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटते, उरलेली उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती खाऊन टाकतात, आणि डिझेल पेटायला हवं तेवढं तापमान तयारच होत नाही. म्हणून इंजिन किती वेगाने फिरतंय, हा पहिला प्रश्न. डिझेल, हीटर, नोझल यांचा विचार त्यानंतर.

लागणारं साहित्य

- डिजिटल मल्टिमीटर (साधा, कमी किमतीचा चालतो)
- १०, १२ आणि १३ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर
- खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश, पेट्रोलियम जेली
- डिस्टिल्ड वॉटर. बॅटरी झाकणं उघडणारी असेल तर हायड्रोमीटर
- पारदर्शक रिकामी बाटली, टॉर्च
- चावी फिरवायला एक माणूस

हात लावण्यापूर्वी

गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना आणि कडं मिळून शॉर्ट झालं तर कातडी भाजते. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बॅटरी सोडवताना वजा टोक आधी काढायचं आणि जोडताना वजा टोक शेवटी लावायचं. चावी फिरवणाऱ्याला सांगून ठेवा की "मार" म्हटल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर सेल्फ तापून जळतो.

पायरी १ : इंजिनाचा आवाज ऐका

रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवरच ही पायरी करा. दुपारी गरम इंजिनावर केलेली तपासणी पहाटेचा आजार दाखवत नाही. बॉनेट उघडून बाजूला उभे राहा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा.

*इंजिन ओढून-ताणून, थांबत-थांबत फिरतंय,* किंवा टक्‌ आवाज होऊन थांबतंय : दोष विजेच्या बाजूला. पायरी २ ते ६ करा.

*इंजिन झपझप, एका लयीत फिरतंय, पण पकडायला वेळ लावतंय :* बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत. त्यांच्यावर पैसे घालू नका, थेट पायरी ७ वर जा.

निर्णय होत नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे थोडे मंदावणं साहजिक आहे. ते विझल्यासारखे झाले तर बॅटरी कमजोर आहे, जोड खराब आहेत किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ फिरलाच नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. चावीचा स्विच, रिले, क्लचचा स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर बघा.

धक्का मारून गाडी लगेच चालू होते का, हाही आपल्याकडचा जुना पुरावा आहे. लगेच पकडत असेल तर डिझेल आणि कॉम्प्रेशन बहुतेक ठीक आहे. पण बीएस-६ गाडीला वारंवार धक्का देऊ नका. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या महागड्या फिल्टरपर्यंत जातं.

पायरी २ : बॅटरीचे टर्मिनल साफ करा

मोजमापाच्या आधी सफाई करा, कारण घाणेरड्या टर्मिनलवर घेतलेले आकडे फसवतात. क्लॅम्प हाताने हलवून बघा. जरा जरी हलला तरी तो ढिला आहे. दोन्ही टोकं सोडवा. पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टूथब्रशने घासा; फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग क्लॅम्पची आतली बाजू आणि बॅटरीचा शिशाचा खुंट तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. खुंट वरून कितीही स्वच्छ दिसला तरी क्लॅम्पच्या आत करड्या रंगाचा पातळ थर असतो, आणि खरा अडथळा तोच. क्लॅम्प घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी लावाल तर तीच मधला पडदा होईल.

पायरी ३ : बॅटरीतला दम मोजा

गाडी रात्रभर उभी राहिलेली असू द्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही प्रोब बॅटरीच्या खुंटांना लावा.

- १२.६ किंवा जास्त : पूर्ण चार्ज
- १२.४ : साधारण पाऊण
- १२.२ : निम्मी
- १२.० आणि खाली : बॅटरी बसलेली आहे, आधी चार्जरवर लावा

आकडा चांगला आला म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही. खरी परीक्षा ओझ्याखाली होते. प्रोब तसेच धरून सोबत्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना १० व्होल्टच्या वर राहिला पाहिजे. तो ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. आकडा १० च्या वर आहे आणि तरीही इंजिन रेंगाळतंय? मग बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडतोय किंवा सेल्फमध्येच दोष आहे.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्रत्येक खाना हायड्रोमीटरने तपासा. १.२५० च्या वर बरं, १.२०० च्या आसपास निम्मं. पाच खाने सारखे आणि एक ०.०५० पेक्षा जास्त खाली असेल तर तो खाना मेला आहे, आणि ती बॅटरी चार्ज करून परत उभी राहणार नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं किंवा नळाचं नको.

एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या पट्ट्या झिजतात, पण गरम हवेत सेल्फला जोर कमी लागतो म्हणून काही जाणवत नाही. डिसेंबरात तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही घटते, आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. म्हणून बॅटरीची तपासणी दिवाळीच्या आधी करावी.

पायरी ४ : करंट वाटेत कुठे अडतोय ते शोधा

सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच, आणि पैसेही बहुतेक वेळा इथेच वाचतात. ठिबकच्या नळीत गाळ बसला की मोटर कितीही दमदार असो, शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. केबलमधला गंज तसाच काम करतो.

केबल मल्टिमीटरच्या बीपवर तपासून "ठीक आहे" म्हणू नका. डिझेलचा सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. वाटेत फक्त ०.००५ ओहमचा अडथळा असला तर ३०० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट जातो. एवढा छोटा अडथळा साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाही, बीप मात्र खणखणीत वाजते. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

*अधिकची वाट :* लाल प्रोब बॅटरीच्या अधिक खुंटावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर) आणि काळा प्रोब सेल्फच्या सोलेनॉइडवर जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर ठेवा. सोबत्याला म्हणा, "मार." आकडा ०.५ व्होल्टपेक्षा कमी हवा.

*वजाची वाट :* लाल प्रोब सेल्फच्या लोखंडी अंगावर, काळा बॅटरीच्या वजा खुंटावर. पुन्हा सेल्फ मारा. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब.

आकडा जास्त आला तर एकेक जोड वेगळा मोजा : खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते चासी, चासी ते इंजिन. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त जात असेल तर तो जोड उघडा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. ही पट्टी खाली, चिखल-पाण्यात असते. वरून काळपट दिसते, वाकवली की आतून हिरवी भुकटी पडते, आणि निम्म्या तारा तुटलेल्या निघतात. पट्टी बदला, आणि बदलताना बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून खाली चमकतं लोखंड आणा. नवी पट्टी रंगावर आवळली तर काहीच फरक पडत नाही.

तात्पुरती खात्री करायची असेल तर जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या वजाला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. इंजिन एकदम झपाट्याने फिरलं तर आजार अर्थिंगचाच.

पायरी ५ : सेल्फ तपासा

बॅटरी भरलेली, वाट मोकळी आणि तरीही फिरकी मंद, तर सेल्फ उतरवा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डीसी क्लॅम्प मीटर असेल तर उतरवण्याआधी करंट मोजून घ्या. करंट खूप जास्त आणि फिरकी मंद, तर बूश झिजून आर्मेचर घासतंय किंवा वाइंडिंग शॉर्ट आहे. करंट कमी आणि फिरकी मंद, तर कार्बन झिजलेत किंवा कम्युटेटर काळा पडलाय. कार्बन, बूश, सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क हे सुटे मिळतात, बऱ्याचदा पूर्ण सेल्फ बदलावा लागत नाही. सकाळी ठीक, पण दिवसभर चालून गरम झाल्यावर सेल्फ रेंगाळतो, हे बूश झिजल्याचं नेहमीचं लक्षण.

इंजिन ऑइलही बघा. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलं असताना २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर थंडीत फिरकी जड होणारच.

पायरी ६ : बॅटरी भरते का आणि रात्री गळते का

गाडी चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडी रेस द्या, १३.५ च्या खाली जाऊ नयेत. जात असतील तर पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटर बघायला हवा. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळून मारतो.

दिवसा व्यवस्थित भरणारी बॅटरी सकाळी बसलेली मिळते? मग रात्री करंट गळतोय. चावी काढा, दारं बंद करा आणि अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी यंत्रणा झोपेल. वजा टोक सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मध्ये लावा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या लाइनवर चोर आहे. बाहेरून बसवलेला टेप, जीपीएस, हौद्यातला दिवा आणि जादाचे हॉर्न हे पहिले संशयित. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

पायरी ७ : हीटर प्लग

इथून पुढे "फिरतं झपझप, पकडतं उशिरा" या गाड्यांसाठी.

चावी ऑन करा आणि डॅशवरचा गुंडाळीच्या खुणेचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. घाईत बरेच ड्रायव्हर थेट सेल्फ मारतात आणि दोष गाडीला देतात. थांबल्यावर गाडी लगेच पकडली तर दुरुस्ती संपली.

नाही पकडली तर सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरट धूर येतोय, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही : हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही : पायरी ८. गाडी सुरू होताना एका सिलिंडरवर अडखळते, थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभरात सुधारते, तर एखाद-दुसरा प्लग मेलेला असतो.

प्लगची वायर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक प्रोब प्लगच्या टोकाला, दुसरा इंजिनाला. चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग गेला. सगळे चांगले असतील तर चावी ऑन केल्याबरोबर प्लगच्या वायरवर व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर रिले किंवा फ्यूज. काढलेल्या प्लगला थेट १२ व्होल्ट देऊन लाल होतो का बघायची सवय सोडा, नव्या गाड्यांचे काही प्लग कमी व्होल्टचे असतात आणि तिथेच जळतात. प्लग काढायचा तो इंजिन कोमट असताना, हळूहळू. थंड इंजिनात जोर लावला तर मोडून हेडमध्ये अडकतो. काही इंजिनांत प्लगऐवजी हवेच्या वाटेवर हीटर असतो, त्याची तपासणीही अशीच वायरपासून सुरू होते.

हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडका घेतो; पिस्टन फुटू शकतो.

पायरी ८ : डिझेलची वाट

रात्री डिझेल टाकीकडे परत उतरतंय का, हे पाना न लावता कळतं. एक रात्र गाडी उतारावर, तोंड खाली आणि मागचं टोक वर, अशी लावा. चाकांना दगड लावायला विसरू नका. सकाळी गाडी नेहमीपेक्षा लवकर पकडली तर लाइन हवा घेते. फिल्टरवर हातपंप असेल तर दुसरा पुरावाही मिळतो : सेल्फ मारण्याआधी पंप कडक होईपर्यंत दाबा, मग पहिल्याच फेरीत पकडली तर निदान पक्कं.

पंप जिथे डिझेल ओढून घेतो त्या बाजूच्या फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून सगळं कोरडं दिसलं तरी फसू नका. फिल्टरची रबरी रिंग, बोल्टचे तांब्याचे वॉशर, चिरलेले रबरी पाइप, क्लिपा आणि खुद्द हातपंप तपासा. काढलेला तांब्याचा वॉशर परत वापरू नका.

मग फिल्टरच्या तळाचा नळ उघडून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात आणि ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. फिल्टर बदलल्यावर एअर पूर्ण काढा.

पायरी ९ : इथून पुढे गॅरेज

कॉमन रेल इंजिनात ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय इसीएम (इंजिनाचा संगणक) नोझल उघडत नाही. नोझल झिजून मागे गळत असतील तर दाब जमायला वेळ लागतो, आणि डिझेल गरम होऊन पातळ झालं की त्रास वाढतो. म्हणून गरम इंजिन उशिरा पकडत असेल तर नोझलची रिटर्न टेस्ट करायला सांगा : प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावतात, ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप भरते ते नोझल दोषी. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर स्कॅनर लावून क्रँक सेन्सर बघायला सांगा. कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी.

इंजिन चालू असताना नोझलचे लोखंडी पाइप ढिले करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. असं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

दुरुस्तीनंतर

दुरुस्ती झाली की गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि पहाटे पुन्हा मोजा : उभ्या बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, अधिकच्या वाटेचं नुकसान, अर्थिंगचं नुकसान आणि चालू गाडीचं चार्जिंग. हे पाच आकडे तारखेसकट गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात गाडी पुन्हा रेंगाळली तर कुठला आकडा घसरला ते पाच मिनिटांत कळेल. गॅरेजला जावं लागलं तरी "स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका. "थंडीत फिरकी मंद आहे, सेल्फ मारताना बॅटरी १०.४ राहते, अर्थिंगवर ०.८ जातात," असं सांगा. मिस्त्री बॅटरीच्या दुकानाकडे बोट न दाखवता सरळ गाडीखाली शिरेल.